पटांगण कोणाचें?

दिवाळी अंक उघडावा आणि त्यांत ‘आमच्या लहानपणचे खेळ’ या विषयावर एकादा तरी लेख नसावा, असें हल्लीं क्वचितच घडतें. विटीदांडू, लगोरी, आट्यापाट्या, गोट्या, भोंवरे, सागरगोटे यांची नामावळी प्रथम येते. तिच्यामागून गिरगांवांतील वाडीची किंवा परळच्या चाळीची आठवण. आणि शेवटीं आजच्या मुलांच्या नांवानें एक दीर्घ निःश्वास. हीं मुलें कोपऱ्यांत बसतात, कानांत बोंडें घालतात, हातांतील मोबाईलवर न दिसणाऱ्या सोबत्यांबरोबर लुटुपुटीच्या लढाया खेळतात आणि मैदानाकडे ढुंकूनही पाहत नाहींत, अशी ही तक्रार. लेखक निःश्वास टाकून मोकळा होतो, वाचक मान डोलावून मोकळा होतो. मुलें जेथें होतीं तेथेंच राहतात.

या निःश्वासाची झडती घेण्याची वेळ आली आहे असें आम्हांस वाटतें. आमचें म्हणणें थोडक्यांत असें: मुलांनीं पटांगण सोडलेलें नाहीं, तें त्यांच्या पायांखालून काढून घेतलें गेलें. आणि ज्या नव्या पटांगणांत तीं गेलीं आहेत तें पडद्यावर आहे, हा त्याचा खरा दोष नव्हे. तें परक्याच्या मालकीचें आहे, हा होय. हीं दोन विधानें सिद्ध झालीं तर निःश्वास टाकणाऱ्यांस आपला मोर्चा दुसरीकडे वळवावा लागेल.

प्रथम आकर्षणाचा विचार करूं; कारण ज्या वस्तूची निंदा करावयाची तिचें स्वरूप पाहण्याचे कष्ट आमचे निंदक सहसा घेत नाहींत. ‘पब्जी’ या नांवानें घरोघर माहीत झालेला खेळ २०१८ सालीं मोबाईलवर आला. २०१६ च्या सप्टेंबरांत जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झालें होतें. त्यामुळें ज्या खोलींत कधीं संगणक शिरला नव्हता तेथील पोरालाही हा खेळ सुलभ झाला. खेळ असा: शंभर गडी विमानांतून एका ओसाड बेटावर उतरतात; सांपडेल तें शस्त्र उचलतात; भोंवतालचें वर्तुळ हळूहळू आवळत जातें, आणि शेवटीं जी टोळी उरेल ती जिंकते. यांत युद्धाचा देखावा आहे हें खरें. पण खेळणाऱ्या मुलांचें बोलणें ऐकावें. त्यांच्या तोंडीं असते ती चौघांची टोळी: कोण कोठें दडला, कोणाच्या गोळ्या संपल्या, कोण जखमी होऊन पडला आणि त्याला उचलावयास कोण धांवला. स्वतःचा जीव धोक्यांत घालून पडलेल्या गड्याला उठविणें, ही या खेळांतील खरी फुशारकीची गोष्ट. कबड्डींत प्रतिपक्षाचा गडी मारला कीं आपला मेलेला गडी ‘जिवंत’ होऊन आंत येतो, आणि त्या क्षणीं लालबागच्या मैदानांत जो जल्लोष उठतो, त्याच जल्लोषाचें हें दुसरें रूप आहे. गोडी शस्त्राची नव्हे, सोबतीची आहे.

जुन्या खेळांचीही गोडी याच जातीची होती. पण तींत आणखी एक गोष्ट मिसळलेली होती, आणि आमचे स्मृतिरंजनकार नेमकी तीच विसरतात. ते विटीचें लांकूड, गोटीचा रंग, भोंवऱ्याची जाळी यांचें वर्णन करतात. वस्तुतः त्या खेळांचें सर्वस्व साहित्यांत नव्हतें. तें नियम करण्याच्या अधिकारांत होतें. विटीदांडूंत अंतर मोजतांना ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असें म्हणत. हे आंकडे मराठी नव्हत. तेलुगु संख्यावाचकांचे ते अपभ्रंश आहेत. केव्हां तरी ते सीमा ओलांडून आले, आणि त्यांस कोणीं परवाना विचारला नाहीं. प्रत्येक वाडीचा कायदा निराळा. अमुक भिंतीला चेंडू लागला तर किती धांवा, तमुक काकूंच्या खिडकीची कांच फुटली तर बाद कोण, हें सर्व खेळणारेच ठरवीत. त्यावर भांडत, रडीचा डाव खेळणाऱ्याला चिडवीत, आणि दुसऱ्या दिवशीं पुनः एकत्र जमत. एकादा मुलगा धाकट्या भावास घेऊन आला तर त्याला हांकलीत नसत. ‘कच्चा लिंबू’ म्हणून आंत घेत. तो धांवे, ओरडे, हंसे. पण त्याच्यावर राज्य येत नसे. कोणत्याही विधिमंडळानें याहून सहृदय कायदा केला असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

कोणी म्हणेल कीं खेळ पुढें संस्थांच्या हातीं गेले आणि नियम छापले गेलेच कीं. गेले; पण मालकी गेली नाहीं. खोखोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं बांधले. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनीं १९३६ ते १९४९ या काळांत व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले. या मंडळींनीं खेळाची सेवा केली. खेळावर फाटक लावून दारांत पैसे घेणारा माणूस बसविला नाहीं.

येथें एक मौज ध्यानांत घेण्यासारखी आहे. गतकालाबद्दलचा हा शोक आतां केवळ साठी उलटलेल्यांचा राहिलेला नाहीं. पस्तिशी-चाळिशींतील पिढीही आपल्या ‘जुन्या खेळां’साठीं हळहळूं लागली आहे, आणि तिचे जुने खेळ म्हणजे यंत्रावरचेच खेळ! व्हिडिओ गेमच्या दुकानांत नाणें टाकून खेळावयाचा, १९९३ सालचा, कॅपकॉम या जपानी कंपनीचा एक खेळ आमच्या पोरांनीं त्यांतील एका पात्रावरून ‘मुस्तफा’ या नांवानेंच ओळखला. पुढें सायबर कॅफे आले आणि दादर-परळच्या मुलांनीं ‘काउंटर-स्ट्राइक’ तासाच्या भाड्यानें खेळण्यास सुरुवात केली. ‘डस्ट’ नांवाचा त्यांतील वाळवंटी नकाशा त्यांना स्वतःच्या गल्लीइतका पाठ असे. या पिढीला त्या काळीं घरचीं माणसें काय बोलत? आज ती स्वतःच्या मुलांना जें बोलते तेंच, अक्षरशः तेंच!

तरीही या पिढीची हळहळ आम्ही थट्टेवारी नेत नाहीं. कारण तींत एक खरें दुःख आहे. काउंटर-स्ट्राइक हा खेळ १९९९ सालीं दोघां हौशी तरुणांनीं ‘हाफ-लाइफ’ या दुसऱ्याच एका खेळांत फेरफार करून रचला; कंपनीचें छत्र त्यावर मागाहून आलें. पब्जीचा मूळ कल्पकही असाच दुसऱ्यांच्या खेळांत फेरफार करतां करतां पुढें आलेला आयरिश गृहस्थ. म्हणजे ज्यांना आपण परदेशी कंपन्यांचीं मायाजालें म्हणतों, त्यांचेंही मूळ गल्लींतील पोरांनीं नियम बदलून पाहण्याच्या खोडीसारख्याच एका खोडींत आहे. कॅफेंतील चार-सहा संगणक तारेनें जोडले कीं खेळ सुरू होई. दूरच्या कोणाची परवानगी लागत नसे. सोबती शेजारच्या खुर्चीवर, भांडण समोरासमोर, आणि डावाचा यजमान कोपऱ्यावरचा कॅफेवाला. ही पिढी रडते ती पडद्यासाठीं नव्हे. आपल्या हातांतून गेलेल्या यजमानपणासाठीं रडते. विटीदांडूसाठीं रडणारे आजोबा आणि काउंटर-स्ट्राइकसाठीं हळहळणारा त्यांचा मुलगा एकाच वस्तूसाठीं शोक करीत आहेत. आणि ती हरवण्याचें खापर मात्र दोघेही नातवाच्या माथीं फोडीत आहेत!

आतां पटांगण कोणीं नेलें तें पाहूं. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लक्ष गिरणी कामगार उतरले, आणि त्या संपानंतर गिरणगांव पूर्वीचें राहिलें नाहीं. गिरण्यांखालची सुमारें ६०० एकर जमीन मुंबईच्या ऐन मध्यावर मोकळी होऊं घातली. १९९१ च्या नियमाप्रमाणें अशा जमिनीचा एकतृतीयांश भाग शहरास मोकळ्या जागेसाठीं आणि एकतृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठीं मिळावयाचा होता. २००१ सालीं नियम असा बदलला कीं हिस्सा सबंध जमिनीवर न धरतां केवळ मुळांत रिकाम्या असलेल्या तुकड्यांवर धरावा. आणि मार्च २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही तो बदल ग्राह्य मानला. एका शब्दाच्या अर्थांत किती क्रीडांगणें गडप होतात, याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारांत क्रीडागृह आलें, पण कोणतें? गुळगुळीत पट्टीवरून जड गोळा घरंगळवून लांकडी बाटल्या पाडण्याचें, पैसे मोजून खेळावयाचें!

गिरगांवांत हेंच निराळ्या रीतीनें घडलें. चाळ पाडली, मनोरा उभा राहिला, आणि मधल्या चौकाच्या जागीं मोटारींसाठीं मजले आले. उरलेल्या फरशीवर ‘येथें खेळण्यास सक्त मनाई आहे’ ही पाटी. अशी पाटी सकाळीं लावणारे चिटणीस आणि सायंकाळीं लगोरीच्या आठवणींनीं गहिंवरणारे गृहस्थ पुष्कळदां एकच असतात. ‘नाचतां येईना, अंगण वांकडें’ ही म्हण आमच्यांत प्रसिद्ध आहे. येथें तर नाचणाऱ्याचें अंगणच उचलून नेलें आहे आणि वर त्याला नाचतां येत नाहीं असा बोल लावला जात आहे. चोर सोडून संन्याशाला सुळीं देणें म्हणतात तें हेंच.

घरें मोठीं होऊं नयेत असें आम्ही म्हणत नाहीं. १९२० नंतरच्या दशकांत बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांत तीन-तीन पिढ्या कशा नांदल्या, हें त्यांनाच ठाऊक. वरळीच्या त्या चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्यें ५०० चौरस फुटांचीं घरें मिळालीं, याचा आनंद कोणास होणार नाहीं? परंतु जेथें खोली लहान होती तेथें घराचा दिवाणखाना पटांगण होतें, हें विसरून नवा हिशेब मांडला तर तो चुकेल. शिवाय कितीक कुटुंबें गिरगांव-लालबाग सोडून डोंबिवली, विरार, बदलापूर येथें पांगलीं. पांगलेल्या त्या घरांतील जुने सवंगडी रात्रीं दहानंतर कोठें भेटतात? त्याच निंद्य बेटावर, चौघांच्या टोळींत! चाळ तुटली, पण टोळी तुटूं दिली नाहीं. हें त्या पोरांचें कौतुक करण्यासारखें काम आहे.

आणि मुलांना मैदानच नको झालें आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं कोणत्याही सायंकाळीं दादरच्या शिवाजी पार्कवर जावें. १९२५ सालीं पालिकेनें खुलें केलेलें तें मैदान शंभर वर्षांनंतरही मुलांनीं भरलेलें दिसेल. आझाद मैदानावर सुटीच्या दिवशीं एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या यष्ट्यांजवळ उभा असतो, इतकी दाटी. मैदान उरलें तेथें मुलें आहेतच. मग मुलांची आवड बदलली, हें कशावरून?

जुन्या खेळांचें सोवळेंपणही तपासून घेतलें पाहिजे. नवे खेळ म्हणजे जुगार, असें म्हणणाऱ्यांना याच गिरणगांवचा मटका आठवत नाहीं काय? १९६१ पर्यंत न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे उघडते आणि मिटते भाव तारेनें मुंबईस येत व त्यांवर ‘आंकडा’ लागे. तें बंद पडल्यावर १९६२ च्या सुमारास मडक्यांतून चिठ्ठ्या निघूं लागल्या. सातासमुद्रांपलीकडच्या आंकड्यावर घरची मीठभाकरी उधळण्याची विद्या मुंबईला मोबाईलनें शिकविलेली नाहीं. मुली तर पटांगणांत ठराविक वयापर्यंतच दिसत. पुढें त्यांच्या वांट्यास गॅलरींतून पाहणें येई. आणि कोणाला खेळांत घ्यावें हें आईबापांची जातही ठरवीत असे. बाळू पालवणकरांसारख्या थोर गोलंदाजाला पुण्याच्या क्लबांत मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यांत चहा मिळे. हिंदु संघाचें कर्णधारपद त्यांच्या घराण्यांत १९२३ सालीं बंधु विठ्ठल यांच्याकडे आलें, तेंही दीर्घ कलहानंतर. आजच्या टोळींत जात कोणी विचारीत नाहीं. मुलींना मात्र तेथेंही इतकी शिवीगाळ ऐकावी लागते कीं पुष्कळजणी नांव लपवून खेळतात. म्हणजे नवें पटांगणही निर्मळ नाहीं. पण जुनें तसें होतें, ही आठवण नसून कविता आहे.

मग नव्या खेळांत दोष नाहीं काय? आहे, आणि मोठा आहे. येथें मालक आहे आणि तो दिसत नाहीं. २ सप्टेंबर २०२० रोजीं केंद्र सरकारनें ११८ ॲप्सवर बंदी घातली. त्यांत पब्जी होता. तो जुलै २०२१ मध्यें नवें नांव घेऊन आला, जुलै २०२२ मध्यें दुकानांतून पुनः उतरविला गेला, आणि मे २०२३ मध्यें पुनः परतला. सरकारचीं कारणें योग्य होतीं कीं अयोग्य, हा येथें प्रश्न नाहीं. कोट्यवधि मुलांचें पटांगण सरकार आणि कंपनी यांच्या व्यवहारांत दोनदां बंद-खुलें झालें, आणि खेळणाऱ्यास कोणीं एका शब्दानें विचारलें नाहीं, हें पाहण्यासारखें आहे. युरोपांतही हें दुःख आहे. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनें ‘द क्रू’ नांवाचा विकत दिलेला मोटारशर्यतींचा खेळ मार्च २०२४ च्या अखेरीस आपले सर्व्हर थांबवून कायमचा मृत केला. विकत घेतलेली वस्तु विक्रेत्यानें घरांत शिरून मोडावी, तसाच हा प्रकार. त्यावर चळवळ उभी राहिली आणि २०२५ सालीं युरोपीय नागरिकांच्या दहा लाखांहून अधिक सह्या जमल्या. विटी आणि दांडू असे कोणास कोठून थांबवितां आले असते?

मालकाचें दुसरें लक्षण त्याची भूक. सारीपाटाच्या वंशांतील लुडोचें पेटंट इंग्लंडांत १८९६ सालीं घेतलें गेलें, आणि २०२० च्या टाळेबंदींत तोच डाव नवी मुंबईंत तयार झालेल्या ‘लुडो किंग’च्या रूपानें ताटातूट झालेल्या घरांना एकत्र आणता झाला. परंतु त्याच पटावर पैसे लावणारीं ॲप्सही निघालीं, आणि हा कौशल्याचा खेळ कीं नशिबाचा, हा वाद २०२१ सालीं मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. पट तोच, फांसा तोच. फरक मालकाच्या हेतूंत. पैसे घेऊन बंद पेटी विकावयाची आणि आंत काय निघेल तें मुलाच्या दैवावर सोडावयाचें, या युक्तीला बेल्जियमनें २०१८ सालींच जुगार ठरविलें. ऑगस्ट २०२५ मध्यें आमच्या संसदेनेंही पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी केली आणि स्पर्धात्मक ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. जुगार आणि खेळ यांत कायद्यानें रेषा ओढली, हें आम्हांस योग्यच वाटतें. पण बंदीच्या कायद्यानें एक फूटभरही पटांगण निर्माण होत नाहीं, हेंही सांगणें प्राप्त आहे. चीननें २०२१ सालीं अठरा वर्षांखालील मुलांना आठवड्यास अवघे तीन तास नेमून दिले. खेळाची वेळ पोलिसानें ठरवावी हें ज्यांस रुचत असेल त्यांस तो मार्ग लखलाभ असो!

राहिले दोन आक्षेप. पहिला: पडद्यावर घाम येत नाहीं, पाय धांवत नाहींत. हा आक्षेप आम्हांस सर्वथा मान्य आहे. धांवणाऱ्या शरीराची जागा धांवणाऱ्या चित्राला घेतां येणार नाहीं. म्हणूनच तर आम्ही जमीन मागत आहों. दुसरा: हें व्यसन आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं स्वीकारलेल्या व २०२२ पासून अमलांत आलेल्या रोगसूचींत खेळाच्या विकाराची नोंद आहे. आणि २०१९ च्या मार्चांत हिंगोलीजवळ रुळांशेजारीं पब्जी खेळतांना दोन तरुण आगगाडीखालीं सांपडले, हें कोण विसरेल? पण विकार हा कांहींचा असतो. त्यावरून सर्वांच्या सोबतीला रोग म्हणणें म्हणजे अजीर्णाच्या भयानें पंक्तीच उठविणें. मूल रात्रभर त्या बेटावरून हलत नसेल तर त्याला दुसरी कोणती जागा आपण ठेवली, हा प्रश्न आधीं विचारावा.

तात्पर्य, निःश्वास पुरे झाले. त्यांऐवजीं तीन गोष्टी मागण्यासारख्या आहेत. मुंबईंत चाळ पाडून मनोरा बांधला जाईल तेथें मुलांसाठीं खऱ्या मातीवर मोकळी जागा सुटली पाहिजे. मोटारींच्या माथ्यावरील फरशी त्या हिशेबांत धरूं नये. शाळांचीं व पालिकेचीं मैदानें सायंकाळीं आणि सुटींत शेजारच्या मुलांना उघडीं असलीं पाहिजेत. आणि खेळ विकणारी कंपनी आपलें दुकान मिटील तेव्हां खेळणाऱ्यांना तो आपसांत चालू ठेवतां यावा, अशी सोय तिनें मागें ठेवली पाहिजे. कॅफेवाल्याला जें जमत होतें तें बड्या पेढीला जमणार नाहीं असें नाहीं.

चौथी गोष्ट मागावयाची नाहीं. ती करावयाची आहे. वडील मंडळींनीं एकदां मुलाजवळ बसून त्याच्या टोळींत शिरावें. त्यांना कांहीं येणार नाहीं. तीं वर्तुळाबाहेर राहतील, चुकीच्या दारांत शिरतील, पहिल्याच मिनिटांत मरतील. तरीही मुलें त्यांना घेतील. कच्च्या लिंबाला घेण्याची रीत मुलांना अद्याप ठाऊक आहे.